रंगाखालचा ढिला बोल्ट

मी एक जुना लोखंडी कठडा आहे, मित्रांनो, आणि तुमच्यासमोर मान वर करून बोलायची मला लाज वाटते. पण मनात ठेवून तरी काय करू? सांगूनच टाकतो.

लोहाराने मला एका ज्यू घड्याळजींच्या गच्चीसाठी घडवलं. त्यांच्या धर्मात गच्चीला कठडा घालणं ही नुसती सोय नाही, देवाची आज्ञा आहे. कठड्यावाचून कोणी पडलं तर दोष घरावर येतो. म्हणून मला बसवताना घड्याळजींनी देवाचे आभार मानले आणि त्यांच्या आत्याने डोळे पुसले. माझी कॉलर तेव्हाच ताठ झाली! खुर्ची-टेबलांना कुठे असा मान मिळतो?

कितीतरी वर्षं मी चोख काम केलं. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई भाड्याने राहत. त्याही याच धर्माच्या. कपडे वाळत घालून झाले, की माझ्यावर कोपर टेकून पाच मिनिटं गल्ली बघायच्या. "या कठड्याचा मला मोठा आधार आहे बाई," असं एकदा म्हणाल्या. आठवडाभर मी फुगून होतो.

मग कोपऱ्यातल्या खांबाचा बोल्ट गंजून ढिला झाला. आत्याने दोनदा सांगितलं. घड्याळजी म्हणाले, "बघू गं सवडीने. वरचा आहे ना राखायला!" कुणाचं मनगटी घड्याळ अर्धं मिनिट मागे पडलं तरी ज्यांना चैन पडत नसे, त्यांनी माझ्यासाठी साधा पाना आणला नाही. आणला तो हिरव्या रंगाचा डबा. आणि खरं सांगू? मला तेच आवडलं. गंज झाकला गेला, लोक वा वा करू लागले. जरा कुरकुरलो असतो तर कुणीतरी वाकून पाहिलं असतं. मी मात्र श्वास रोखून ताठ उभा राहिलो.

एका सकाळी बाईंनी नेहमीसारखं कोपर टेकलं, आणि मी निखळलो. बाई खालच्या दुकानाच्या कापडी छपरावर आदळून रस्त्यावर पडल्या. जीव वाचला, पण उजवा हात मोडला. सुई धरणारा हात, मित्रांनो! अर्धवट लोंबकळत मी सगळं पाहत होतो.

पुढे बाई हाताला प्लास्टर घालून दारातल्या बाकावर बसू लागल्या. घड्याळजी भेटायला आले. म्हणाले, "देवाच्या मर्जीशिवाय पान हलत नाही. यातही त्याने काही चांगलंच योजलं असेल."

"त्याच्याशी माझं भांडण चाललंय, ते मी बघेन," बाई म्हणाल्या. "माझ्या दुखण्याचा अर्थ मी शोधेन. तुम्ही बोल्टाचं बोला."

शेजारी बसलेल्या आत्याने कपाळाला हात लावला. "पडणाऱ्याचं पडणं वर ठरलेलं असेलही, असं आपले जुने पंडित सांगायचे. पण ते आपल्याच हलगर्जीपणातून का घडावं, हेही विचारायला सांगायचे. तेवढं बरं विसरलास रे?"

घड्याळजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो ढिला आहे हे मला माहीत होतं. मी वरून रंग फासला."

बाई रडू लागल्या. "एवढंच ऐकायचं होतं मला," म्हणाल्या. वर मीही शरमेने मेल्याहून मेल्यासारखा झालो. माहीत तर मलाही होतं.

त्याच दिवशी नवे बोल्ट बसले. आता दर शुक्रवारी, शब्बाथचे, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावण्याआधी, घड्याळजी माझा एकेक खांब हलवून पाहतात. बाईंचा हात पुरता बरा झाला नाही. त्या आता मुलींना बेतायला आणि शिवायला शिकवतात. कुणी "बघा, झालं ते चांगल्यासाठीच" म्हणालं, तर फटकारतात, "ते मला वाटेल तेव्हा मी म्हणेन."

आठ महिन्यांनी बाई गच्चीवर आल्या. डाव्या हाताने त्यांनी मला गदागदा हलवलं, मगच टॉवेल वाळत घातला. अजूनही रोज हलवतात. कोपर मात्र टेकत नाहीत. ती पाच मिनिटं मी कायमची घालवली.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो, देवावर खुशाल भरवसा ठेवा, पण आजच घरचा कठडा हलवून बघा. आणि तो कुरकुरला, तर त्याच्यावर रागावू नका. मला जे जमलं नाही, ते त्याने केलेलं असेल.