अंगठाभर म्हणजे अर्धा तास

मी रस्त्यांचा एक नकाशा बोलतोय. मॉन्टाना आणि वायोमिंग या दोन राज्यांचे रस्ते, डोंगर आणि राष्ट्रीय उद्याने माझ्या अंगावर छापलेली आहेत. पुढे जे सांगणार आहे त्यातले बहुतेक मी स्वतः पाहिले आहे. एक गोष्ट मात्र ऐकीव आहे. म्हणून ती केव्हा आणि कोणाकडून ऐकली, ते आधी नोंदवतो.

२०१९ सालच्या मार्च महिन्याची नऊ तारीख, शनिवार, दुपारी चारचा सुमार. माइल्स सिटी गावातल्या एका स्वयंपाकघरात मी टेबलावर उघडा पडलो होतो. मारेन टॉरगर्सन खिडकीशी उभी राहून आपल्या आत्याशी फोनवर बोलत होती.

"नाही गं आत्या, बाबा ठार आंधळे नाही होणार. मधलं जातंय फक्त. सरळ बघितलं की मध्ये काळा डाग, कडेचं दिसत राहील म्हणे. डावा डोळा गेलाच आहे. उजवाही पानगळीपर्यंत त्याच वाटेने जाईल, असं म्हणाले डॉक्टर. आणि बाबांनी काय विचारलं माहितीये? 'जुलै मिळेल ना?' बस, एवढंच!"

डॉक्टरांच्या खोलीत मी नव्हतो. त्यामुळे हे शब्द मारेनचे आहेत, डॉक्टरांचे नव्हेत, हे लक्षात ठेवावे.

जुलैच का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मारेनचे वडील एल्डन टॉरगर्सन शाळेची बस चालवत. १९९६च्या डिसेंबरात त्यांनी मला एका पेट्रोल पंपावरून विकत घेतले. त्याच आठवड्यात बियाण्यांच्या दुकानाचे जुने कॅलेंडर बदलायची वेळ आली, तेव्हा त्यांनी जुलैचे पान तसेच ठेवून ते पुन्हा भिंतीला टोचले. त्या पानावर ग्लेशियर उद्यानातल्या लोगन खिंडीसमोरचा डोंगर होता. निळसर कडा आणि त्यावर बर्फाच्या तीन पट्ट्या, मधली तिरकी. टॉरगर्सनांचे गाव सपाट माळावर आहे. तिथून डोंगर दिसत नाहीत.

पुढे दर जानेवारीत, बाहेर रस्ते बर्फाने बंद असताना, एल्डन मला टेबलावर पसरत आणि जुलैतल्या आठवडाभराच्या सफरीचा आराखडा करत. बेअरटूथचा घाट, मग येलोस्टोन, मग टीटन, मग उत्तरेला ग्लेशियर आणि सहाव्या दिवशी लोगन खिंड. सातव्या दिवशी घर. पेन्सिलीची रेघ ठरलेली असे. त्यांच्या पत्नीने, आर्डिसने, तिच्यात एकच भर घातली: टीटनमधल्या जेनी तळ्याभोवती लाल पेन्सिलीने एक गोल काढला. "मला फक्त इथे बसून सँडविच खायचंय," ती म्हणाली. "बाकी तुमचे डोंगर तुम्ही बघा."

अंतर मोजण्याची एल्डन यांची रीत त्या भागात सर्वांचीच म्हणता येईल. माळावर कोणी मैल सांगत नाही. बिलिंग्ज किती लांब, तर दोन तास. आजीचे गाव किती लांब, तर पाऊण तास. एल्डन माझ्यावर अंगठा आडवा ठेवत आणि एकेक पाऊल टाकावे तसा तो पुढे सरकवत. एक अंगठा म्हणजे अर्धा तास. माळावरचे सरळ रस्ते या मापाला कधीही दगा देत नसत.

सफर मात्र झाली नाही. एका वर्षी गारांनी छप्पर फोडले, एका वर्षी मेव्हण्याच्या गवताची कापणी लांबली, एका वर्षी आर्डिसची आई पडली. "ह्या घरात दरवर्षी सहल निघते," आर्डिस म्हणायची, "फक्त गाडी तेवढी हलत नाही." कोणी काही मनावर घेत नसे. "पुढच्या वर्षी," म्हणत एल्डन मला घडी घालत. सहा वर्षांपूर्वी आर्डिस गेली. त्यानंतर मी गाडीच्या पुढच्या कप्प्यात हवेचा दाब मोजायची नळी आणि कागदी रुमाल यांच्या सोबतीला पडून राहिलो. एल्डन यांच्या डोळ्यांची बातमी आली त्या दिवशी मला पुन्हा बाहेर काढण्यात आले.

आम्ही तेरा जुलैला, शनिवारी निघालो. गाडी मारेन चालवत होती. एल्डन शेजारी बसले होते आणि मी त्यांच्या मांडीवर. उजव्या डोळ्यापुढेही डाग येऊ लागला होता; त्यांना माझ्यावरची अक्षरे वाचता येत नव्हती, पण घड्या पाठ होत्या. बोझमन गावापाशी माझा कागद फाटला आहे. तिथे बोट लागले की ते दिशा सांगत. मारेनचा फोन डोंगरात शिरताच मुका झाला. तेव्हापासून तीही मला विचारू लागली.

चूक पहिल्याच दिवशी कळली. बेअरटूथचा घाट माझ्यावर दीड अंगठा भरतो, म्हणजे पाऊण तास. प्रत्यक्षात तीन तास लागले. रस्ता चढताना इतका वळत होता की पुढे जाण्यापेक्षा मागेच जास्त येत होता. शिवाय दर वळणावर मारेन गाडी थांबवत होती, कारण दर वळणावर थांबण्यासारखे काही होते. दुसऱ्या दिवशी येलोस्टोनमध्ये बायसन या रानबैलांचा कळप रस्त्यावर आला आणि दीड तास तिथेच उभा राहिला. एक बैल आमच्या बोनेटला अंग घासत होता.

"हॉर्न वाजवू का?" मारेनने विचारले.

"वाजव. मग तो तुला विचारेल, परवाना आहे का."

तिसऱ्या दिवशी रस्त्याची दुरुस्ती होती. मंगळवारी दुपारी आम्ही येलोस्टोनमध्येच, मॅडिसन नदीकाठच्या एका लाकडी टेबलाशी थांबलो. मारेनने मला पसरले आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर थर्मास, मोहरीची बाटली, अस्वलाला पळवायचा फवारा आणि वडिलांचा चष्मा ठेवला.

"बाबा, तुमच्या हिशेबाने काल आपण जेनी तळ्यावर जेवायला हवं होतं."

"हिशेब बरोबर आहे. रस्ते चुकीचे बांधलेत."

"बसवाले ना तुम्ही! पंचवीस वर्षं पोरांना वेळेवर पोचवलंत..."

"सव्वीस."

"बरं, सव्वीस! शनिवारी सकाळी सहाला मला इस्पितळात ड्युटीवर हजर व्हायचंय. आणखी रजा नाही मिळणार. तळं आणि खिंड, दोन्ही नाही जमणार बाबा. असं करू. टीटन इथून जवळ आहे. आईचं तळं बघू, घरी जाऊ. खिंड पुढच्या वर्षी."

तो शब्द मी त्या स्वयंपाकघरात किमान पंधरा वेळा ऐकला होता. मारेनलाही तो तोंडातून गेल्यावरच ऐकू आला असावा, कारण ती एकदम मोहरीची बाटली सरळ करू लागली.

एल्डन यांनी हात पुढे केला. "तुझा अंगठा दे."

"काय?"

"अंगठा, पोरी. इथे ठेव." त्यांनी तो माझ्यावर दाबला. "माझ्यापेक्षा बारीक आहे. आईवर गेलाय. आता एक अंगठा म्हणजे पुरता एक तास धर. मोज इथून खिंडीपर्यंत."

मारेनने मोजले. तिचा अंगठा वळणावळणाने गेला, एल्डन यांचा कधी गेला नव्हता तसा. "अकरा."

"अकरा तास. आज पाच, उद्या सहा. गुरुवारी पहाटे खिंडीत. शुक्रवारी घरी."

"आणि आईचं तळं?"

"खोडरबर आहे?"

तिच्या पर्समध्ये पेन्सिल होती, तिच्या टोकाला रबर होता. "टीटनची रेघ पूस," एल्डन म्हणाले. तिने पुसायला सुरुवात केली. सतरा वर्षांच्या पेन्सिलीने कागदात चर पडला होता. रेघ गेली, चर राहिला. रबर लाल गोलापाशी आला तेव्हा त्यांनी विचारले, "गोल पुसलास?"

"नाही अजून."

"राहू दे. तो माझा नाही."

गुरुवारी सकाळी पावणेसातला आम्ही लोगन खिंडीत पोहोचलो. गाड्या लावायची जागा भरत आली होती. वारा थंड होता. एल्डन एका बुटक्या दगडी कठड्यावर बसले, मला मांडीवर उघडले आणि एक कोपरा मारेनला धरायला दिला. मग ते खाली बघू लागले.

"बाबा, डोंगर समोर आहे. खाली काय बघताय?"

"गप बस गं. सरळ बघितलं तर जाईल तो. मला बघू दे."

ते थेट माझ्याकडे बघत होते. माझ्या मध्यभागी, जिथे त्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हते. त्यांचे डोळे मी इतक्या जवळून प्रथमच पाहिले. बुबुळे हलत नव्हती. सुमारे दोन मिनिटे गेली असावीत.

"तीन पट्ट्या," ते म्हणाले. "मधली तिरकी."

मारेनने डोंगराकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "हो बाबा."

"तुझी आई म्हणायची, कॅलेंडरवाल्यांनी रंग चढवलाय." ते हसले. "नव्हता चढवला."

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही घरी पोहोचलो. ठरलेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटे आधी, कारण शेवटचे पाच तास रस्ता माळाचा होता.

आता पुढचा फेब्रुवारी चालू आहे. उजव्या डोळ्याचा मधला भागही आता पुरता गेला आहे. मी टेबलावर असतो. मारेन रविवारी येते आणि जुलैची रेघ आखते. या वेळी फक्त टीटन, आणि तिच्या अंगठ्याने. माझ्यावर प्लॅस्टिक चढवून आणते, असे ती म्हणाली होती. एल्डन यांनी नकार दिला. घड्या बुजल्या तर त्यांना रस्ता सापडणार नाही. माझीही एवढीच विनंती आहे की मला घडी घालताना जुन्याच घड्यांवर घालावी. नव्या घडीवर माझा कागद तुटतो, आणि तुटलेल्या जागी गाव असते.

एक गोष्ट मला कधीही पडताळून पाहता आली नाही. खिंडीत माझे तोंड आकाशाकडे होते आणि डोंगर माझ्या नजरेबाहेर. एल्डन यांनी सांगितलेल्या तीन पट्ट्या त्या सकाळी डोंगरावर होत्या की नाही, हे मला ठाऊक नाही. कॅलेंडरवर त्या होत्या, आणि ते त्यांनी तेवीस वर्षे रोज पाहिले होते. मारेनच्या "हो बाबा"ला पुरावा म्हणता येणार नाही. त्या आठवड्यात ती बऱ्याच गोष्टींना तसे म्हणाली होती. नोंद करण्याजोगे एवढेच, की घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी एल्डन यांनी ते कॅलेंडर भिंतीवरून स्वतः उतरवले. ते दिसेनासे झाले होते म्हणून, की डोंगर पाहून झाला होता म्हणून, याची खात्री मला आजवर करून घेता आलेली नाही.