गाळानं धरलेला रंग

तनुजाला स्वतःचा राग आला होता, आणि तोही साधासुधा नाही. स्वतःच्या सहीचा कागद टराटरा फाडावा असा! पण कागद कधीच गावात पोचला होता, वडिलांनी तो ग्रामपंचायतीत मोठ्यानं वाचूनही दाखवला होता. आता फाडून काय उपयोग?

झालं होतं असं. कन्नड तालुक्यात तिचं गाव, गावाला लागून नदी आणि नदीच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना. दोन वर्षांमागं नदी कधी लाल तर कधी जांभळी वाहायची. मग गावानं बोंबाबोंब केली, कारखान्यानं रंगाच्या सांडपाण्याचा पाइप बंद केला आणि पाणी नितळ झालं. यंदा उन्हाळ्यात डोह आटला, तर तळाशी कमरेइतका काळाभोर गाळ. आल्याच्या शेताला असा गाळ मिळाला तर कोण सोडतंय! तरी तिचे वडील काकासाहेब सबुरीचे. म्हणाले, "माझी पोरगी संभाजीनगरला विद्यापीठात रसायनं शिकतीया. तिला आधी तपासू द्या."

गावात गाळ जोखायची एकच रीत. तांब्यात घालून ढवळायचा, वर नितळ पाणी आलं की गाळ चांगला. तनुजा लहानपणापासून हेच बघत आलेली. प्रयोगशाळेत यंत्रं होती, काचेची भांडी होती, पण आमच्या या तनुजा बाईसाहेबांनी केलं काय? तेच! साध्या पाण्यात आठ वेळा घुसळलं, आठही वेळा पाणी नितळ निघालं, आणि 'रंग आढळला नाही' असं लिहून मोकळ्या झाल्या. काकासाहेबांनी हौसेनं पहिल्या अकरा ट्रॉल्या आणून बांधावर ढीग घातले. सोमवारी ते शेतात पसरायचे होते. बाकी गावानं गाळ उचलायचा का, हे रविवारच्या ग्रामसभेत ठरणार होतं.

चूक उघडी पाडली ती भागूबाईनं. भागूबाई तनुजाची आत्या. संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत तिच्याकडंच तनुजा राहायची. तपासून उरलेला गाळ तनुजानं आत्याच्या तुळशीसाठी घमेल्यात आणला होता. शनिवारी सकाळी आत्यानं तो कुंडीत घातला. घमेल्याच्या बुडाला चिकटलेला थर काही निघेना, म्हणून धुण्याचा सोडा टाकून वर गरम पाणी ओतलं. थोड्या वेळानं ती ओरडलीच, "तने! अगं बया, इकडं ये आधी!"

घमेल्यात गर्द जांभळं पाणी.

"आत्या, काय टाकलंस यात?"

"सोडा. दुसरं काय टाकणार, माझी पैठणी?"

तनुजा घमेल्यावर वाकली. वर्गात शिकलेलं तिला आता आठवत होतं. गाळाचे बारीक कण आणि त्यांच्यावरचा लोखंडाचा गंज रंगाला असे काही धरून बसतात, की साध्या पाण्याचं तिथं काही चालत नाही. सोडा पडला की ती पकड सुटते. म्हणजे नदीतला रंग गेलाच नव्हता. तो तळाशी जाऊन बसला होता आणि आता तिच्या सहीनं शेतात निघाला होता.

"माझ्या दादाला फोन लाव," आत्या म्हणाली.

"फोनवर नाय ऐकणार ते. माझा कागद दाखवतील मलाच. मीच जाते."

"आन् साऱ्या गावापुढं चुकले म्हणशील? लई हसतील गं."

"हसू देत."

प्रयोगशाळेत जाऊन तिनं दिवसभर सोडा घालून तेच पुन्हा पुन्हा केलं. कारखान्याच्याही वरच्या अंगाची नदीतली माती तिच्याकडं होती. तिच्यात सोडा घातला तर पाणी नुसतं फिक्या चहासारखं झालं. खालच्या गाळाचं मात्र दर वेळी जांभळं.

रविवारी ग्रामसभेत ती उभी राहिली.

"माझा कागद चुकला. गाळात रंग हाय. शेतात टाकू नका."

सरपंच नानासाहेब हसले. "आठ दिसांत नापास झालीस व्हय गं? काकासाहेब, ऐकलं का?"

लोक खो-खो हसले. तनुजानं टेबलावर बाटल्या मांडल्या आणि सगळ्यांसमोर करून दाखवलं. नानासाहेब म्हणाले, "बाटल्या तुझ्या, सोडा तुझा. हातचलाखी नाय कशावरून?"

काकासाहेब इतका वेळ मान खाली घालून बसले होते. ते उठले आणि बाहेर गेले. वडिलांना मान खाली घालायला तनुजानंच लावलं होतं, आणि जाताना त्यांनी तिच्याकडं बघितलंही नव्हतं. पण ती जागची हलली नाही.

अर्ध्या तासानं काकासाहेब परतले ते मुठीत बांधावरचा गाळ घेऊन. वाण्याकडचा सोड्याचा पुडा दुसऱ्या हातात. पंचायतीतलाच तांब्या घेतला, गाळ टाकला, चहावाल्याकडनं गरम पाणी मागवलं, सोडा घातला आणि स्वतः ढवळत बसले. गाळ खाली बसू दिला. मग त्यांनी वरचं पाणी काचेच्या पेल्यात ओतून नानासाहेबांपुढं धरलं.

जांभळं.

"ट्रॅक्टर काढा रे," काकासाहेब म्हणाले. "अकरा ट्रॉल्या मी आणल्या, अकराच्या अकरा भरायच्या. कारखान्याच्या फाटकापुढं ओतू. त्यांचं हाय, त्यांनीच ठेवावं."

ते दाराशी थांबले आणि मागं वळले.

"तने, बाटल्या घे. सोडा बी घे भरपूर. तिथल्या सायबाला अजून दाखवायचंय."