सात नंबरचा भोपळा

"न्हाय म्हंजे न्हाय. साहेबालाच बोलवा चिराया," गुंडाप्पा म्हणाला, आणि बांधावर पाय सोडून बसत त्याने बिडी शिलगावली.

समोर पोत्यावर सात नंबरचा भोपळा होता. सकाळी बरा होता. आता देठाजवळ बोट दाबलं की आत जात होतं. ही कूज बियांपर्यंत पोचली की सगळं मातीत. आणि हा वॉचमन बिडी ओढत बसलेला! माझं डोकं फिरलं. राग लपवायची मला सवय नाही, तेव्हाही नव्हती.

आमचं संशोधन केंद्र म्हणजे नळदुर्ग-उमरगा रस्त्याकडेचा माळ आणि एक पत्र्याची खोली. मी तिथली सहायक. साहेब महिन्यातून एकदा यायचे. कमी पाण्यावर तगणारा, गच्च गराचा भोपळा तयार करायचा, हे काम. त्यासाठी एकाच वेलाचा पराग त्याच वेलाच्या मादीफुलाला लावायचा. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी हेरून दोऱ्याने बांधायची, सकाळी मधमाशी यायच्या आत सोडून नरफूल फिरवायचं आणि परत बांधायची. मग देठाला वाणाच्या नंबराची चिठ्ठी. बायका याला लगीन म्हणायच्या.

"घरातल्या घरातच लगीन? शी गं बाई!" सिताबाई तोंडाला पदर लावायची.

"मग दुष्काळात वऱ्हाड कुठनं आणू?" मालनबाई विचारायच्या. मालनबाई आमच्या मजूर बायकांतल्या सगळ्यात थोरल्या. जीभ तिखट, हात हलका. त्यांनी लावलेलं लगीन सहसा मोडत नसे.

एवढं सगळं बायकांनी करायचं, पण फळ पिकलं की सुरा गुंडाप्पाच्या हातात. अख्खा भोपळा बाईने चिरायचा नाही. भोपळा म्हणजे थोरला लेक, बाईने चिरला की लेकाच्या जिवावर बेततं म्हणे. पुरुषाने पहिला सुरा घालायचा, मग बायकांनी खुशाल फोडी कराव्यात. आमच्या घरातले देव छप्पन साली धर्म बदलला तेव्हाच बाहेर गेले, उपासतापास गेले. पण आई भोपळा घेऊन शेजारच्या दारात उभी राहायची ती राहायचीच. हसावं की रडावं!

आदल्या वर्षी त्यापायीच घात झाला. रोज कोण बोलावणं ऐकणार, म्हणून गुंडाप्पाने सगळी फळं एकदम ढिगाने चिरली. आधी देठ उडवायचा, मग फळ फोडायचं, ही त्याची पद्धत. चिठ्ठ्या तर देठालाच बांधलेल्या! कुठलं बी कुठल्या वेलाचं, कुणाला सांगता येईना. कित्येक वर्षांचं काम एका दुपारीत कालवलं गेलं. साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झाडलं, आणि गडी तेव्हापासून रुसला तो रुसलाच.

सात नंबरचं थोडं जुनं बी डब्याच्या तळाशी सापडलं, ते यंदा लावलं. आणि यंदा पंच्याऐंशीचा हा दुष्काळ. सोसायटीच्या विहिरीचं पाणी माणसांना पुरेना, तिथं भोपळ्याला कोण देणार? सोसायटीवाल्यांनी आमचं पाणी तोडलं, त्यांचंही चुकलं नाही. वेल एकेक करून वाळले. एक तगला. मालनबाई घरून भांड्यांचं धुवण डोक्यावर घेऊन यायच्या आणि त्याच्या बुडाशी ओतायच्या. त्या वेलाला हे एकच फळ धरलं. डब्यात आता एक बी शिल्लक नव्हतं. हे फळ नासलं की सात नंबर संपला.

"गुंडाप्पा, शेवटचं विचारते. चिरताय का?"

"गेल्या साली चिरलं तर शिव्या खाल्ल्या. औंदा तुमचं तुमी बघा की, शिकलेल्या हायसा."

"बघते!" मी सुरा उचलला.

सिताबाईने माझा हात धरला. "अगं बाई, पोटुशी हायेस तू! पैलाच हाय. येडी झालीस का?"

खोटं कशाला बोलू? हात थांबला. माझा विश्वास नव्हता. पण पोटात बाळाने पाय मारला आणि सुरा जड झाला. चीड आली मला, त्या भोपळ्याची, गुंडाप्पाची, माझ्या हाताची.

मालनबाई उठल्या. त्यांनी माझ्या मुठीतून सुरा काढून घेतला.

"मालनबाई, थांबा," गुंडाप्पा बांधावरून उतरला. "आणा इकडं. चिरतो म्या."

"का? आता का?"

"थोरला लेक असतोय तो. उगं अवदसा नको."

"माझा थोरला उत्रेश," मालनबाई म्हणाल्या, "भात्तरच्या दुष्काळात आमी खडी फोडाया गेलतो, तिथंच जुलाबानं गेला. मांडीवर गेला माझ्या. तवर म्या एक भोपळा चिरला नव्हता, गुंडाप्पा. एकसुद्दा न्हाय. दारोदार फिरून गड्यामाणसाकडनं चिरून आणायची. एवढं पाळलं, तरी गेला. मग कुणासाठी पाळू आता?"

सिताबाईचे डोळे भरले.

मालनबाईंनी देठाची चिठ्ठी सोडून माझ्या हातात दिली. गुडघ्याखाली फळ दाबलं आणि दोन्ही हातांनी सुरा घातला. कर्रकन आवाज झाला. आत गर केशरी, गच्च. कूज वरच अडली होती. बिया पांढऱ्या, टपोऱ्या. मी मोठ्याने ओरडले, आनंदाने ओरडले, लाज नाही वाटली.

"धर," त्यांनी सुरा माझ्याकडे केला. "पैला वार झालाय. आता तू घाल, पोरी. बघू कोण काय म्हनतंय."

मी उरलेल्या फोडी केल्या. बिया धुवायला पाणी नव्हतं. मालनबाईंनी आपल्या प्यायच्या पाण्याची कळशी आणली आणि परातीत रिकामी केली. मूठमूठ बी चोळून, धुऊन सावलीत फडक्यावर पसरलं. मी चिठ्ठीवरचा सात गिरवला आणि ती फडक्याच्या टोकाला बांधली. साहेब आले की त्यांना हे बी दाखवायचं, आणि कुणी चिरलं तेही सांगायचं, हे मी तिथंच ठरवलं.

मालनबाईंचे हात कोपरापर्यंत गराने चिकट झाले होते. कळशीत थेंब नव्हता. गुंडाप्पा खोलीतून आपला तांब्या घेऊन आला आणि त्यांच्यासमोर वाकून तिरका केला.

"हात धुवा, मालनबाई."

त्यांनी हात मागे घेतले.

"ऱ्हाऊ द्या. सुकू द्या तसंच. गावालाबी दिसू दे कुनी चिरलं ते."

आणि दोन्ही हात लुगड्यापासून लांब धरून त्या गावाच्या रस्त्याला लागल्या.