माशाच्या आकाराची बिस्किटं

मी ओव्हन बोलतोय. ओट्याच्या कोपऱ्यात बसलेला, डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घेतलेला. तापट म्हणून मला कुणी नावं ठेवू नयेत. तापणं हेच माझं काम, आणि मी तापलो की निदान घरभर चांगला वास तरी सुटतो. माणसं तापली की काय होतं, ते मी याच कोपऱ्यातून पाहिलंय. उद्या मला इथून हलवणार आहेत, म्हणून आजच सगळं बोलून घेतो.

कारखान्यातला माझा जन्म काही सांगण्यासारखा नाही. पत्रा कापला, वाकवला, पोटात सळ्या बसवल्या, समोर काचेचं दार लावलं, झालो मी तयार. मग बरेच दिवस दुकानात नुसता बसून होतो. येणारी गिऱ्हाइकं माझं बटण फिरवून बघायची आणि पुढे जायची. अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली एक बाई आली, तिनं दार उघडून आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "पोट मोठं आहे. हाच द्या."

ती आत्या. या घरातल्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, शिवणकाम करते, आणि तेव्हा याच घरात राहायची. तिचं शिवणयंत्र बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी होतं. बाबा टपाल वाटायचे, आई चष्म्याच्या दुकानात कामाला. आणि या तिघांना नाचवणारी आई-बाबांची लेक, मुंगी. गोडावर तुटून पडायची म्हणून आत्यानंच हे नाव ठेवलं होतं.

आत्याकडे बिस्किटांचे लाकडी साचे होते. तिच्या सुतार वडिलांनी फावल्या वेळात कोरलेले. एक पान, एक चांदणी आणि एक मासा. माशाचे खवलेसुद्धा मोजून घ्यावेत इतके नीट होते. मैदा, लोणी आणि साखर मळून आत्या साचे भरायची, ओट्यावर हलकेच आपटायची, आणि मासे माझ्या पोटात यायचे. मुंगी माझ्या काचेला नाक लावून बसायची. आत्या मागून तिचा फ्रॉक धरून ठेवायची आणि म्हणायची, "भाजशील गं, तुझं बिस्किट करायचंय का आम्हाला?" मासा निवला की आत्या तो तोडून शेपटी आधी मुंगीच्या तोंडात घालायची. आत्याच्या हातून खाल्ल्याशिवाय या मुलीला बिस्किट गोडच लागायचं नाही.

माझ्या समोरच्या खिळ्यावर एक स्टीलची चाळणी टांगलेली असायची. ती आईनं माहेराहून आणलेली. आईची आई वारली तेव्हा बाकी बहिणींनी काय काय घेतलं, हिनं ही चाळणी मागून घेतली. तिला कुणी हात लावलेला आईला फारसा खपायचा नाही. चाळून झालं की ती भांड्याच्या काठावर टकटक आपटायची आणि चाळणी परत खिळ्याला.

मग मुंगी आजारी पडायला लागली. पोट फुगायचं, दुखायचं, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. हात काड्यांसारखे झाले. आज बरं वाटेल, उद्या वाटेल असं करता करता सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. शेवटी तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गव्हातलं ग्लूटेन या मुलीच्या आतड्याला सोसत नाही, आणि दूधही पचत नाही. गहू कायमचा बंद, कणभरही चालणार नाही. दूध, लोणी, सगळं बंद.

दुसऱ्या दिवशी आईनं कंबर कसली. डबे रिकामे केले, फळ्या पुसल्या. मला तर तिनं असं घासलं की माझा रंग निघायची वेळ आली. माझे ट्रे गेले, नवे आले. लाकडी चमचे पिशवीत गेले. मग तिनं आत्याच्या साच्यांकडे बघितलं.

"ताई, लाकडात पीठ मुरतं. हे ठेवून नाही चालायचं."

आत्यानं साचे हातात घेतले. माशाच्या खवल्यांवरून अंगठा फिरवला. "घे. मुंगीपेक्षा मासा मोठा आहे का?" असं म्हणून तिनंच ते पिशवीत टाकले आणि यंत्रावर जाऊन बसली. बराच वेळ यंत्राचा आवाज मात्र आला नाही.

चाळणी आईनं उकळत्या पाण्यात घातली, पुसली आणि खिळ्याला अडकवली. स्टीलची होती ना. शिवाय तिच्या आईची. तेव्हा कुणाच्या काही मनात आलं नाही, माझ्याही नाही.

मग सुरू झाले माझे हाल. तांदळाचं पीठ, बदामाची पूड, कॉर्नफ्लॉवर, लोण्याऐवजी तेल, दुधाऐवजी नारळाचं दूध. गव्हाच्या पिठाला एक चिकटपणा असतो, तो यांच्यात कुठून येणार? पहिला केक माझ्या पोटातून निघाला तो वीट होऊनच. बाबांनी तो टेबलावर ठोकून बघितला आणि म्हणाले, "दार वाऱ्यानं आपटतं ना, त्याला लावू या." दुसरा केक कापायच्या आधीच भुगा झाला. तो त्यांनी वाटीत घालून चमच्यानं खाल्ला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हटली नाही. मिश्रण कालवून अर्धा तास तसंच ठेवलं की तांदूळ पाणी पितो आणि दाताखाली कचकचत नाही, हे ती चुका करत करत शिकली.

पोट साफ व्हायला घेतात त्या इसबगोलाची कल्पना आत्याची. "ते भिजलं की कसं चिकट होतं, बघ. घालून तर बघ चमचाभर." आईनं घातलं, आणि काय सांगू, केक उभा राहिला! मी काचेतून बघत होतो, मलाच खरं वाटेना. बाबा म्हणाले, "वा! म्हणजे खायची सोय झाली आणि दुसऱ्या दिवसाचीही." आई आणि आत्या हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. नणंद-भावजयीला तसं हसताना मी नंतर पुन्हा पाहिलं नाही.

कारण मुंगी बरी होत नव्हती. पोट मध्येच ठीक, मध्येच पुन्हा दुखणं. आई दर रविवारी ताजा केक करायची, मुलीला काही कमी पडू नये म्हणून. रक्त पुन्हा तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठून तरी गहू पोटात जातोय. घरात नीट बघा."

आई बघायला लागली. आणि बघायला लागलं की माणसाला आधी दुसऱ्याचंच दिसतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांना भिंगं लावून देणारी ही बाई, पण त्या दिवसांत तिला एकच माणूस दिसत होतं.

घरात गव्हाची बिस्किटं खाणारी एकटी आत्या उरली होती. चहाबरोबर तिला लागायचीच. पण ती कशी खायची हे फक्त मला माहीत होतं, कारण मागच्या गॅलरीचं दार माझ्या समोर आहे. ती गॅलरीत उभी राहून खायची, पदर झटकायची, तिथल्याच मोरीत हात धुवायची, चूळ भरायची आणि मगच आत यायची. एकदा मुंगी तिच्या मागे गेली. "आत्या, एकच कड दे ना. आईला नाही सांगणार." आत्यानं पुडा मिटला. "माझ्या हातून नाही गं राणी. माझ्या हातून तर नाहीच." आणि तिनं मुंगीकडे पाठ केली.

हे मी पाहिलं. आणि मी ओव्हन आहे. मला दार आहे, तोंड नाही.

शिवणयंत्राच्या खणात आईला बिस्किटांचा पुडा सापडला, त्या संध्याकाळी मी थंडच होतो. आई मुंगीला माझ्यासमोर, ओट्यापाशी घेऊन आली.

"खरं सांग. आत्यानं तुला बिस्किट दिलं ना?"

मुंगीनं पोटावर हात दाबला.

"दिलं ना? मी रागावणार नाही. दिलं ना?"

आईचा आवाज असा होता की रागावणार नाही हे कुणालाच पटलं नसतं. मुंगीच्या पोटात दुखत होतं, तिला फक्त झोपायचं होतं. तिनं मान हलवली. हो.

"ऐकलंत ताई? मी इकडे मर मर मरतेय आणि तुम्ही लाडानं तिला विष घालताय. स्वतःचं मूल असतं तर घातलं असतं का?"

बाबा म्हणाले, "अगं, काय बोलतेस!" पण त्यापुढे काही बोलले नाहीत. ते पुढे बोलायला हवे होते, असं मला अजून वाटतं.

आत्या दारात उभी होती. तिनं आईकडे पाहिलंच नाही, मुंगीकडे पाहिलं. ती नुसतं नाही म्हणाली असती तरी पोर खोटी ठरली असती. "तिनं सांगितलं ना," आत्या म्हणाली, "मग झालं." ज्या शिवणाच्या दुकानाचं काम ती घरी आणायची, त्याच्याच माडीवर तिनं खोली घेतली. शिवणयंत्र न्यायला हातगाडी आली तेव्हा मुंगी शाळेत होती.

आत्या गेली, पण दुखणं गेलं नाही. आई म्हणायची, शाळेतून येताना भेटत असेल. मग म्हणायची, जुनं पोटात राहिलं असेल. पुढे पुढे म्हणेनाशी झाली. पण रविवारचा केक चुकला नाही, आणि सोमवारी मुंगी हमखास पोट धरून बसायची.

मुंगीचा वाढदिवस आला. तिला कोकोचा केक हवा होता. आईनं बटण फिरवलं, मी तापायला लागलो. भांड्यात तिनं आधी कोको चाळला, काळाभोर. आणि सवयीनं चाळणी काठावर टकटक आपटली.

काळ्या कोकोवर पांढरट कण पडले.

आई बघत राहिली. चाळणी घासून, पुसून, कोरडी करूनच घेतली होती. तिनं पुन्हा आपटली. पुन्हा पडले. मग ती चाळणी घेऊन खिडकीशी गेली आणि केसातली पिन काढून काठाच्या दुमडीत घातली. जाळी जिथे काठात शिरते ना, तिथे. आतून खरपुडी निघाली. पिवळट, कडक, थरावर थर. तिच्या आईच्या हातचं पीठ, तिच्या हातचं पीठ, वर्षानुवर्षांचा मैदा. पाणी लागून घट्ट झालेला आणि दर टकटकीला थोडा थोडा सुटणारा. तांदळाच्या पांढऱ्या पिठात तो कुणाला दिसणार होता?

आई खाली फरशीवर बसली. मी तापून लाल झालो होतो, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बाबा धावत आले.

"ताईंचे साचे मी त्याच दिवशी टाकायला लावले," आई म्हणाली. "आणि आईची चाळणी ठेवून घेतली. मीच घालत होते तिला. दर रविवारी. माझ्या हातानं."

दारात मुंगी उभी होती, वाढदिवसाच्या फ्रॉकमध्ये. तो फ्रॉक आत्यानंच शिवून पाठवला होता. "आत्यानं नव्हतं दिलं," ती हळूच म्हणाली. "तू खूप रागावली होतीस, म्हणून मी हो म्हटलं."

त्या दिवशी केक झाला नाही. तिघंही माडीवरच्या खोलीत गेले. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. परत आल्यावर बाबांच्या बोलण्यातून कळलं. आईनं पाय धरले. आत्यानं तिला उठवलं, पाणी दिलं, चहा केला. "अगं, पोरीच्या काळजीनं बोललीस. माझ्या मनात काही नाही," म्हणाली. घरी चल म्हटल्यावर मात्र म्हणाली, "इथून दुकान जवळ पडतं."

नवी चाळणी आली आणि काही महिन्यांत मुंगीचे गाल भरले. आता ती स्टुलावर उभी राहून स्वतः पीठ कालवते. आईनं पत्र्याच्या कारागिराकडून साचे करून घेतले. पान, चांदणी, मासा. माशाचे खवले काही तसे जमले नाहीत. आई ते आत्याला दाखवायला घेऊन गेली. आत्या म्हणाली, "छान झालेत हो."

आत्या येते. रविवारी येते, हसते, बाबांची थट्टा करते. आईही तिच्या पुढे पुढे करते. पण स्वयंपाकघराचा उंबरा आत्या ओलांडत नाही. दारात उभी राहते, हात पाठीमागे घेऊन. मुंगीनं साधं केळं मागितलं तरी म्हणते, "आईकडून घे हं."

गेल्या रविवारी माझ्या पोटातून तांदळाच्या माशांचा शेवटचा ट्रे निघाला. माझी खालची सळी जळालीय, त्यामुळे एका बाजूचे मासे कच्चेच राहिले. मुंगीनं त्यातल्या त्यात चांगला निवडला आणि आत्यापुढे धरला. "आत्या, तू भरव ना. शेपटी आधी."

आत्यानं आईकडे पाहिलं. आई लगेच म्हणाली, "भरवा ना ताई. अहो, भरवा."

आत्यानं मासा हातात घेतला. तोडला. हात मुंगीच्या तोंडाकडे गेला, बोटभरच अंतर उरलं होतं. मग तिनं दोन्ही तुकडे बशीत ठेवले आणि बशी मुंगीकडे सरकवली. "खा हं राणी. मोठी झालीस आता."

आईनं तोंड फिरवलं ते माझ्याकडेच. माझ्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला असेल.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगतो, घरच्या माणसावर बोट रोखण्याआधी आपल्याच लाडक्या वस्तू जरा उलट्या करून, आपटून बघा. आणि उद्या माझ्या जागी येणाऱ्या भावा, तुझ्या पोटातूनही मासे निघतील, माझ्यापेक्षा चांगले भाजलेले. कधी आत्या उंबरा ओलांडून आत आली आणि तिनं आपल्या हातानं शेपटी मुंगीच्या तोंडात घातली, तर काचेतून नीट बघून घे. माझं बघायचं राहून गेलं.