तुझं डावं की माझं?

भिंगरीचं खरं नाव काय, हे तिच्या ऑफिसात फक्त पगार काढणाऱ्या बाईंना ठाऊक होतं. लहानपणी तिला एका जागी बसवत नसे म्हणून घरच्यांनी हे नाव ठेवलं आणि ते तिच्या मागोमाग नोकरीच्या ठिकाणीही येऊन बसलं. नोकरीही साजेशीच होती. एका छोट्या कंपनीत ती व्हिडिओ गेमचे ट्रेलर बनवायची. कंपनीचा नवा गेम येऊ घातला होता. दहा जणांनी आपापल्या घरी बसून, पाच-पाचचे दोन गट करून एकमेकांवर गोळ्या झाडायच्या, असा तो गेम. असले गेम बाजारात पोत्याने आहेत हे भिंगरीला माहीत होतं. "पण आमचा अगदी वेगळा आहे हं," असं ती वर्षभर भेटेल त्याला सांगत सुटली होती.

तिचा थोरला भाऊ दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि बोलू मात्र द्यायचं नाही, हा त्याचा धंदा. घरी आल्यावर तो निमूटपणे बहिणीचं ऐकून घ्यायचा. पण ऐकण्यालाही काही सीमा असते. एका रविवारी जेवणं उरकल्यावर त्याने टीव्ही लावला आणि सोफ्यावर थाप मारली.

"भिंगरे, बस. परीक्षा आहे."

"कसली?"

"तुझा गेम वेगळा आहे ना? मग ओळख."

त्याने येऊ घातलेल्या पाच गेमचे ट्रेलर शोधले होते, त्यात भिंगरीचाही होता. प्रत्येकाचा एकेक तुकडा घेऊन, आवाज काढून, नावं छाटून त्याने ते एकापुढे एक जोडले होते. पहिल्या तुकड्यात चिलखत घातलेले पाच जण धुरातून चालत आले. दुसऱ्यात चिलखत घातलेले पाच जण राखेतून चालत आले. तिसऱ्यात ते आधी गुडघ्यावर बसले होते, मग उठून चालत आले. चौथ्यात पुन्हा धूर. पाचव्यात एकाने मान वळवून मागे पाहिलं, आणि त्याच्या मागे काहीतरी फुटलं.

वहिनी हात पुसत येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "हे सगळे एकमेकांचे चुलतभाऊ का गं?"

"छे गं वहिनी! बारकाईनं बघायला लागतं." भिंगरी पुढे सरसावली. "आता हा चौथा बघ. किती रटाळ! भाजी आणायला निघाल्यासारखे चाललेत. आणि हा दुसरा बघ, याला म्हणतात चाल. दुसरा आमचा."

"नक्की?"

"दादा, माझ्या हातचं काम मला ओळखू येणार नाही?"

दादाने, दाढ काढावीच लागेल असं पेशंटला ज्या मऊ आवाजात सांगायचा त्याच आवाजात सांगितलं, "तुझा चौथा."

त्या घरात भिंगरी पहिल्यांदाच गप्प झाली. मग तिच्या नाकातून एक बारीक आवाज आला, मग ती हसायला लागली, आणि हसता हसता अशी उचकी लागली की वहिनीने दिलेलं पाणी तिच्या तोंडातून सरळ दादाच्या शर्टावर गेलं. तिला लाज वाटत होती, पण हसू लाजेच्या पुढे धावत होतं. वर्षभर जिवाचं रान करून आपण भाजी आणायला निघालेली माणसं बनवली!

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ घेऊन ती ऑफिसात पोचली. ऑफिस म्हणजे गालिच्यांच्या दुकानावरचा एक लांबट हॉल, टेबलांखाली वायरींची जाळी, खिडकीत पाण्याअभावी मान टाकलेलं एक झाड. हॉलला लागून एक छोटी खोली होती, तिथे बनत असलेला गेम रोज दुपारी खेळून पाहायचा. गेमच्या दिग्दर्शकांना सगळे 'मालक' म्हणत. कंपनी त्यांची नव्हती, पण चालणं-बोलणं तसं होतं.

"ओळखायचं काय त्यात?" मालक म्हणाले. "आपलं पोर आईबापाला अंधारातही ओळखू येतं."

त्यांनी पाचही तुकडे पाहिले. चौथ्याला ते ताडकन उठले.

"चोरी! ही उघड उघड चोरी आहे! आपला धूर उचललाय ह्यांनी! आपलं चिलखत! वकिलाला फोन लावा!"

"मालक..."

"मालक-बिलक नाही! कोण आहेत हे लोक? पत्ता काढा!"

"पत्ता हाच आहे," भिंगरी म्हणाली. "गालिच्यांच्या दुकानाच्या वर."

हॉलमध्ये कुणीतरी खुर्चीवरून खाली घसरल्याचा आवाज झाला. तो साउंडवाला होता. त्याला सगळे 'कानसेन' म्हणत. मग मालकही फिस्सकन हसले. पण हसून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला. गेम बाजारात जायची वेळ जवळ आली होती, आणि खुद्द जन्मदात्यांनाच लेकरू ओळखू येत नव्हतं.

मग सुरू झाली वेगळेपणाची धांदल. चिलखतं गुलाबी करून पाहिली, तर आइस्क्रीमच्या दुकानावर दरोडा घालायला निघालेली टोळी दिसू लागली. एकीला मिशा लावल्या. एकाने सुचवलं, "गटाला एक बकरी द्या."

"कशाला?"

"बाकी कुणाकडे बकरी नाही."

ह्यावर दुपारभर खडाजंगी झाली आणि बकरी खरोखर बनली. ती दारात अडकायची, आणि तिच्या मागे अख्खा गट अडकायचा. भिंगरीने मिशांचा, बकरीचा, गुलाबी रंगाचा, सगळ्यांचा ट्रेलर जोडून पाहिला. वरचे कपडे बदलले होते, पण चालणं तेच होतं.

अशाच एका दुपारी ती कानाला हेडफोन लावून काम करत बसली होती. शेजारच्या खोलीत खेळ चालला होता. एरवी त्या खोलीतून कीबोर्डची टकटक तेवढी यायची, जणू आत दहा जण पेपर लिहितायत. त्या दिवशी मात्र भिंतीपलीकडून हेडफोन भेदून एक किंकाळी आली.

"डावीकडे! अरे डावीकडे!"

"वळलो की डावीकडे!"

"तुझं डावं नाही! माझं डावं!"

आणि धबाल्. मग दहा जणांचं खिदळणं.

भिंगरी धावत गेली. पडद्यावर एक विचित्र प्राणी कालव्यात बुडत होता: दोन धडं, दोन तोंडं आणि पाय एकाचेच.

"हे काय आहे?"

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या मौनीकडे पाहिलं. मौनी म्हणजे गेमचा प्रोग्रॅमर. तो दिवसातून एकदा "हो" आणि एकदा "चहा" म्हणायचा, म्हणून हे नाव. आज त्याला नाइलाजाने वाक्यं बोलावी लागली.

"गोळी लागून पडलेल्याला तंबूत न्यायचं असतं. तिथं तो बरा होतो. स्ट्रेचर बनवायचा कंटाळा आला. म्हणून पाठुंगळी दिली." त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. "ती उलटी बसली. उद्या सरळ करतो."

भिंगरी पडद्याकडे टक लावून बघत राहिली. पाठीवरच्याचं तोंड मागे. त्याच्या हातात बंदूक, पण त्याला दिसणार फक्त मागचं. नेणाऱ्याला दिसणार पुढचं, पण त्याचे दोन्ही हात गुंतलेले. मागून कोण येतंय ते ह्याने सांगायचं, त्याने पळायचं, आणि ह्याचं डावं ते त्याचं उजवं.

"मौनी," ती म्हणाली, "सरळ करायला हात लावलास ना, तर याद राख."

तिने तिथेच फतकल मारली आणि खेळणाऱ्यांची तोंडं बघू लागली. गोळ्या झाडताना सगळ्यांची तोंडं इस्त्री केल्यासारखी सपाट. कुणी पडलं, कुणी उचललं, की जीव यायचा. शिव्या, विनवण्या, "सोडू नकोस रे मला!", "जड किती झालायस!" वर्षभर हा गेम तिच्या नाकासमोर घडत होता आणि ती त्यातला धूर तेवढा कापून नेत होती.

मालकांना मात्र हे रुचेना. "आपण युद्धाचा गेम करतोय, सर्कस नाही. लोक हसतील."

"हसू देत की! निदान आपल्याला हसतील. आत्ता कुणाला हसतायत तेही त्यांना कळत नाही."

"भिंगरी, माझ्या गेममध्ये दरारा हवा."

"एकदा बसा ना खेळायला. एकदाच."

मालक बसले. बसल्या बसल्या त्यांना गोळी लागली, कारण ते बंदूक कशी छान चकाकतेय हे बघत उभे होते. त्यांना उचललं मौनीने. आधी तो नेहमीसारखा मुकाट धावला. मग मागून मालकांनी सूचना द्यायला सुरुवात केली. त्यांचा तो धंदाच होता.

"उजवीकडे घे. नाही, थांब. डावीकडे. अरे, जिना आहे! नाही, जिना गेला."

"तुमचं डावं की माझं?" मौनीने विचारलं.

"माझं! म्हणजे तुझं! ते बघ, दोघं आले, पळ!"

"अहो, कुठल्या बाजूने आले?"

"मागून!"

"मागून तर सगळेच येतात! बाजू सांगा!"

"ओरडू नकोस माझ्यावर!"

"मग गोळी घाल की, गाढवा! हातात बंदूक काय दाढी करायला दिलीय?"

मौनीच्या तोंडून इतकी वाक्यं सलग निघालेली कुणी ऐकली नव्हती, आणि त्यातलं शेवटचं तर मालकांना उद्देशून होतं. मालकांनी मात्र ते ऐकलंच नसावं. "घातली! घातली! एक पडला!" असं किंचाळत ते खुर्चीवर जवळजवळ उभे राहिले होते. "आता तुझं डावं! शाबास! पळ रे माझ्या राजा, पळ!"

ते तंबूत पोचले तेव्हा मालक डोळे पुसत होते आणि मौनी घामाने भिजला होता. दोघांनी एकमेकांना मिठी मारली, आणि लगेच लाजून सोडली.

कानसेनने सवयीप्रमाणे सगळं रेकॉर्ड केलं होतं. भिंगरीने त्यावरच नवा ट्रेलर बांधला. त्यात ढोल नाहीत, धूर नाही. एक गल्ली, तिच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणारी दोन माणसं, आणि त्यांचं ते भांडण, जसंच्या तसं. मौनीला विचारलं, तुझा आवाज चालेल का?

"एका अटीवर," तो म्हणाला. "'गाढवा' काढायचं नाही."

मालकांनी हॉलमध्ये दोन येरझाऱ्या घातल्या. "राहू दे," ते म्हणाले. "जे खरं ते खरं." गेमचं आधीचं नाव पोलादी आणि भयंकर होतं. ते त्याच संध्याकाळी गेलं आणि 'पाठुंगळी' आलं.

भिंगरीने ट्रेलर घरी पाठवला. पाच मिनिटांत वहिनीचा फोन आला. वहिनीने जन्मात गेम खेळला नव्हता.

"अगं, पोचले का ते? तो मागचा वाचला का?"

भिंगरी फोन धरून टुणकन उडाली. आधीचा ट्रेलर पाहून पुढे काय झालं, हे कुणीच कधी विचारलं नव्हतं.

गेमच्या प्रदर्शनात त्यांना जागा मिळाली ती कोपऱ्यात, प्रसाधनगृहाच्या वाटेवर. समोर एका बड्या कंपनीचा मांडव होता. त्यात धुराचं यंत्र होतं, आणि खरंखुरं चिलखत घातलेला एक उंचापुरा माणूस लोकांसोबत फोटो काढून घेत होता. भिंगरीने आपल्या टेबलापाशी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या, दोघांसमोर एकेक पडदा ठेवला, आणि वाट बघू लागली.

पहिलं जोडपं आलं ते हात धुवायला निघालेलं. नवरा नेणारा, बायको पाठीवर.

"आता वळ."

"कुठे?"

"सांगितलं ना, वळ!"

"घरी पण तू हेच करतेस! कुठे ते कधी सांगतच नाहीस!"

"घरी पण तू ऐकतोस कुठे?"

जाणारे-येणारे थांबले. दोन आजोबा बायकोच्या बाजूने झाले, एका कॉलेजच्या घोळक्याने नवऱ्याची बाजू घेतली, आणि ज्यांना धड काही कळत नव्हतं तेही "अहो, मागे बघा, मागे!" म्हणून ओरडू लागले. जोडपं तंबूत पोचलं तेव्हा टाळ्या वाजल्या. दोघं हात धुवायचं विसरून पुन्हा रांगेत उभे राहिले. रांग वळून प्रसाधनगृहाच्या दारापर्यंत गेली. तिथून बाहेर पडणाऱ्याला आपण कसल्या रांगेत आहोत ते कळेना, तरी तो उभा राहायचा. मौनी रांगेतल्यांना नियम समजावत फिरत होता, आणि त्याचं बोलणं थांबता थांबेना.

दुपारी रांगेत खळ्ळ-खट्ट असा आवाज झाला. समोरचा चिलखतवाला आला होता, शिरस्त्राण काखेत मारून, केस घामाने चिकटलेले.

"मला जोडीदार नाही," तो म्हणाला. "एकट्याला घेता का?"

"मी आहे की!" भिंगरी म्हणाली. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता.

चिलखतासकट तो खुर्चीत मावेना. भिंगरीने आणि कानसेनने मिळून त्याच्या पाठीचे पट्टे सोडले, पाठीचा पत्रा उतरवला, तेव्हा कुठे तो टेकला. खेळ सुरू होताच भिंगरीला गोळी लागली. त्याने तिला उचललं आणि धूम ठोकली. तो पळायचा छान, पण ऐकायचा अजिबात नाही. ती बसलेल्या घशाने चिरकत होती, लोक तिचं म्हणणं मोठ्याने त्याला सांगत होते, आणि हसून हसून तिला नेम धरता येत नव्हता.

तेवढ्यात समोरच्या मांडवातून त्याचा साहेब ओरडला, "अरे, तू तिकडे काय करतोयस? लोक फोटोसाठी खोळंबलेत! चल, ये आधी!"

"येतो, येतो!" पडद्यावरची नजर न काढता चिलखतवाला ओरडला. "अर्ध्या वाटेत आहे साहेब! हिला इथं टाकून कसा येऊ?"