डिझेल जातं कुठे?

कंपनीच्या अ‍ॅव्हरेजवर जाऊ नका, असं गाडी घरात आली त्याच दिवशी सुनेने बजावलं होतं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. स्वतः मोजल्याशिवाय कशालाच मान डोलवायची नाही. गाडी डिझेलची, सात जणांची, दांडगी. कंपनी लिटरला अठरा म्हणे. सुनेने टाकी तोंडापर्यंत भरली, गाडी फिरवली, पुन्हा तोंडापर्यंत भरून हिशेब काढला, तर चौदा निघाले. एवढं धूड ओढायचं म्हणजे चौदा वाईट नाहीत, असं म्हणून तिने विषय मिटवला.

यंदा मात्र आकडा घसरायला लागला. तेरा, बारा, मग अकरा. नवऱ्याने ट्रॅफिकवर खापर फोडलं आणि तो मोकळा झाला. तिच्या डोक्यातून काही ते जाईना. तिने टायरमधली हवा पाहिली. एसी बंद ठेवून घामाघूम होत गाडी चालवली. डिकीतला पसारा, नवऱ्याच्या व्यायामाच्या वजनांसकट, घरात आणून टाकला. शेवटी मेकॅनिकला गाठलं. इंजिन ठणठणीत आहे, म्हणाला. पण क्लच फार झिजलाय, गाडी सारखी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चालते का?

ती चक्रावली. आठवडाभर दोघंही ऑफिसच्या बसने जात. गाडी सुट्टीच्या दिवशीच बाहेर पडायची, तीही मोकळ्या रस्त्यावर.

त्या रविवारी गाडी लावताना तिने ट्रिपमीटर शून्यावर आणून ठेवला. मधल्या वारी सहज डोकावली, तर तिथे शून्य नव्हतं. उभी गाडी चालली कशी? नवऱ्याला सांगितलं असतं तर तो थेट पोलिसांकडे गेला असता. आणि खरं सांगायचं तर तिला भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त होती. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती जिन्याच्या खिडकीत उभी राहिली.

दुपारी सासूबाई खाली आल्या. पायात चपलांऐवजी बूट. मागोमाग तळमजल्यावरच्या काकू, पूर्वी ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या. काकूंनी मागच्या काचेवर लाल ‘एल’ चिकटवला आणि त्या शेजारच्या सीटवर बसल्या. गाडीने आचका दिला, बंद पडली, पुन्हा आचका दिला आणि गोगलगाईसारखी फाटकाकडे निघाली.

सून धावत खाली गेली. तिला पाहून सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी काच खाली केली.

“अजून कुठे ठोकली नाही,” त्या म्हणाल्या.

“पण आई, सांगायचं तरी.”

“तुम्ही म्हणाला असतात, या वयात कशाला. मग मीही तेच म्हणायला लागले असते.”

सून खरंच तेच म्हणाली असती. तिने विचारलं, जायचंय कुठे तुम्हाला?

“जायचं कुठेच नाही. तुझ्या सासऱ्यांच्या शेजारी जन्मभर बसले. पेडल तीन आणि पाय दोन. ते जमतं कसं, एवढंच बघायचं होतं.”

सून हसली आणि मागचं दार उघडून आत बसली. गोदामांकडच्या रिकाम्या रस्त्यावर काकू म्हणाल्या, आता तिसरा टाका. सासूबाई आजवर दुसऱ्याच्या पुढे गेल्या नव्हत्या. त्यांनी ओठ घट्ट मिटून गिअर टाकला. इंजिनचं कण्हणं थांबलं. मागून मान लांब करून सून पडद्यावरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा बघत राहिली. तो हळूहळू वर सरकत होता.

संध्याकाळी नवऱ्याला कळलं तेव्हा आधी तो गाडीभोवती ओरखडे शोधत फिरला. मग जरा दुखावल्यासारखा म्हणाला, “आईला रिव्हर्स येतो?”

“येतो. तुझ्यापेक्षा सरळ,” बायको म्हणाली.

पहिल्या परीक्षेत सासूबाई चढावर नापास झाल्या, दुसरीत पास. नवा क्लच बसला, अ‍ॅव्हरेज तेरावर आलं. परवाना हातात आला त्या आठवड्यात त्या सुनेला घेऊन बाजारात निघाल्या. चौकात बाजार उजवीकडे होता. सासूबाईंनी डावा इंडिकेटर लावला.

“आई, इकडे काय आहे?”

“कोण जाणे,” चौथा गिअर टाकत सासूबाई म्हणाल्या. “बघू.”