सहा खोल्या आणि एक पाटी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पाटी आहे. 'खोली भाड्याने देणे आहे' एवढे चारच शब्द माझ्या अंगावर आहेत. जुन्या जालन्यात कचरू पेंटरने रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकून सरळ केला आणि मला घडवले.

माझे मालक सर्जेराव कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात कारकून होते. तिथे पेन्शन नव्हती. म्हातारपणाची सोय म्हणून त्यांनी घरामागे चार खोल्या बांधल्या आणि कारखान्यातल्याच कामगारांना भाड्याने दिल्या. खोली रिकामी झाली की मला दारावर टांगत, भाडेकरू आला की माळ्यावर टाकत. माझ्यावर धूळ साचली म्हणजे घर सुखात आहे, हे मी ओळखून होते.

१९७१ साली सर्जेराव निवृत्त झाले आणि फंडाचे पैसे घेऊन घरी आले. तेव्हा त्यांची बायको साळूबाई म्हणाल्या, "अहो, माहेरी आमचे दादा कपाशीत दोन ओळी तुरीच्या घालायचेच. कपाशी गेली तर तूर हाताला लागायची. समदा पैसा खोल्यांत नका घालू. थोडा पोस्टात टाका, एखादी म्हैस घ्या."

"म्हैस आटते, साळू," सर्जेराव हसून म्हणाले. "खोली आटत न्हाई."

त्यांनी आणखी दोन खोल्या बांधल्या. सगळा पैसा त्यांत गेला.

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. कपाशी करपली आणि जिनिंगला कुलूप लागले. एका सकाळी खाली सामान ओढल्याचा आवाज ऐकू आला. सर्जेरावांनी मला माळ्यावरून काढले. मी बाहेर पाहिले आणि हबकले. सहाच्या सहा दारे सताड उघडी होती! कामगार बायकामुलांसह गावाकडे निघाले होते. एकच कारखाना बंद पडला आणि सहा घरे एका सकाळीत रिकामी झाली.

मला समोरच्या भिंतीवर टांगले. उन्हात माझी अक्षरे सोलून निघाली, पण कोणी थांबून वाचेना. विहीर आटली होती. बिनपाण्याची खोली कोण घेणार? सर्जेरावांनी दोन खोल्या विकायला काढल्या. गिऱ्हाईकही फिरकले नाही.

एक दिवस साळूबाई पदर खोचून निघाल्या.

"कुठं चालली?" सर्जेरावांनी विचारले.

"दुष्काळी कामावर. खडी फोडायला."

सर्जेराव ओट्यावर बसले. "सहा खोल्यांची मालकीण खडी फोडणार?"

"मंग काय खोल्या उकडून खायच्या?"

मालक पुटपुटले, "म्हैस घेतली असती तर तीबी चाऱ्यावाचून मेलीच असती."

"मेली असती. पण पोस्टातल्या पैशाला चारा लागत न्हाई."

सर्जेराव उठले आणि साळूबाईंच्या मागे चालू लागले. ज्या हातांनी जन्मभर लेखणी धरली, त्या हातांना संध्याकाळी फोड आले होते. साळूबाई त्यांवर तेल लावत होत्या. माझ्या पत्र्याच्या अंगावरही काटा आला.

पुढल्या साली पाऊस पडला. गावात हालचाल सुरू होताच सर्जेरावांनी तीन खोल्या एका अडत्याला धान्य ठेवायला विकल्या. काही पैसे पोस्टात गेले, काहींची म्हैस आली. उरलेल्या खोल्यांत एसटीचा कंडक्टर, दवाखान्यातल्या नर्स बेबीनंदा आणि एक शिंपी राहू लागले. एकाचे काम थांबले तरी बाकीच्यांचे चालू राहील, असा मालकांचा विचार होता.

मित्रांनो, घर जरूर बांधा, त्याच्या भिंतींची निगा राखा. पण म्हातारपणाचा सगळा भार एकाच भिंतीवर टाकू नका. ती ढासळली की माणसाची काय गत होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पुढे काही वर्षांनी शिंप्याने खोली सोडली. मला पुन्हा दारावर टांगताना सर्जेराव साळूबाईंना म्हणाले, "मिळंल कोणीतरी, घाई न्हाई," आणि बादली घेऊन म्हशीची धार काढायला गेले.